पाच देश आणि एक कडी

घाटकोपर

लंकेहून आल्याला महिना होत आला, तरी आमच्या चाळीतली माणसं मला अजून एकच विचारतात, "काय गं सुमन, सोनं दिसलं का कुठे?" पहिले चार दिवस मी हसले. मग सांगायला लागले की हो, दिसलं, पण बॅगेत जागा नव्हती. लंकेत सोन्याच्या विटा म्हणतात ना, त्यातलीच गत. शेवटी म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. ज्याला हवं त्याने वाचावं आणि माझा पिच्छा सोडावा.

मी लघुलेखिका, म्हणजे स्टेनो. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत बारा वर्षं डिक्टेशन घेते आहे. आपला देश, लंका, ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि पाकिस्तान, अशा पाच देशांच्या अधिकाऱ्यांची एक बैठक कोलंबोला भरायची होती. मोठ्या सत्तांची भांडणं चाललीत, त्यात आपण शेजाऱ्यांनी एका सुरात बोलता येतं का ते बघावं, असा एकूण बेत. दिल्लीहून जायचा स्टेनो ऐन वेळी टायफॉइडने आडवा झाला. शिष्टमंडळाचे प्रमुख मुंबईवरूनच जाणार होते. इंग्रजीचा चांगला हात कुणाचा, अशी त्यांनी आमच्या कचेरीत चौकशी केली. हेडक्लार्कांनी माझं नाव दिलं आणि वर पुस्ती जोडली, "बाईमाणूस आहे, पण चुकत नाही." त्या 'पण'बद्दल मी त्यांना आल्यावर बोलणार होते, ते राहूनच गेलं.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत चूल आणि दादा-वहिनीचा संसार. बाहेरच्या खोलीत तीन पुतण्या, आल्यागेल्याची सतरंजी आणि कोपऱ्यात माझी खाट. खाटेला पडदा आहे, आईच्या जुन्या लुगड्याचा. मालवणहून मी आले तेव्हा दादाने तो बांधला होता, "तुझं लग्न होईपर्यंत." मी आता छत्तीसची आहे. लग्नाचं बोलणं आपोआप थांबलं, पडदा राहिला. घरात कुणी मला वाईट वागवत नाही हो. पण पुतण्यांना पडद्यामागे लपायला आवडतं, पाहुण्यांना माझ्या खाटेवर बसायला आवडतं, आणि मला रडू आलं तर मी नळावर जाऊन तोंड धुते. पाण्याच्या आवाजात काम भागतं.

निघताना सगळी चाळ निरोपाला आली. शेजारच्या जशोदाबेननी थेपले दिले. वहिनीने दारात गूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "सांभाळून जा गो बाय. आणि खूप ऐकून घेऊ नको कोणाचां." दादा टॅक्सीने सांताक्रूझला सोडायला आला. विमान बघून तोच दोन पावलं मागे सरला.

कोलंबो, पहिला दिवस

विमानाचं मी काही लिहीत नाही. कानात कापूस घातला, मद्रासला उतरलो, पुन्हा चढलो, संपलं.

उतरल्यावर पहिलं वाटलं ते हे की मालवणात आलो. तीच लाल माती, तेच माड, तोच अंगाला चिकटणारा वारा. फक्त एकही माणूस ओळखीचा नाही. परकं गाव परकं दिसलं तर बरं असतं, निदान मन तयारीत राहतं.

संध्याकाळी समुद्राकाठी एक शहाळेवाला दिसला. त्याची शहाळी बघते तर सगळी केशरी! मी मालवणची पोर, मला नारळ कोण शिकवणार? मी त्याला इंग्रजी-हिंदी-मराठीची खिचडी करून सुनावलं की नासका माल परक्या बाईच्या गळ्यात मारतोस होय? तो आ वासून बघत राहिला. मग शांतपणे एक कापून त्याने पुढे धरलं. पाणी साखरेसारखं गोड. तिकडे शहाळं केशरीच असतं, तीच तिथली उत्तम जात. मी दोन प्याले आणि मान खाली घालून परतले. घाटकोपरच्या बाजारातली माझी ऐट तिथे चालली नाही.

जेवणाची सोय हॉटेलात होती. साहेब, म्हणजे आमचे शिष्टमंडळप्रमुख, इतर देशांच्या प्रमुखांबरोबर जेवत. आमच्यातले बाकीचे कारकून पुरुष, ते आपसात बसत. माझ्यासाठी खांबाजवळ एक टेबल मांडलेलं असे, पांढरी चादर, एक खुर्ची, एक ताट. आदर म्हणूनच ते करत होते. पण आठवडाभर त्या टेबलावर माझ्यासमोर दुसरी खुर्ची आली नाही.

जेवण मात्र झकास. त्यांचे आप्प म्हणजे आपली आंबोळीच, वाटीच्या आकाराची, कडा कुरकुरीत. बरोबर ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी, तिच्यात सुक्या मासळीचा चुरा. पहिला घास घेतला आणि वहिनीची सुंगटाची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर आठवली. घरी ती कधी शेवटपर्यंत मला पुरत नाही, पोरी ओढून नेतात. इथे वाडगं भरून समोर होतं, आणि मला अर्धंही संपेना.

दुसरा दिवस

बैठकीची पद्धत अशी. गोल टेबलाभोवती पाच देशांचे पाच प्रमुख. प्रत्येकाच्या मागे त्याचा स्टेनो. पाचही जण एकच बोलणं टिपणार, कारण एका देशाने टिपलेलं दुसऱ्याला खरं वाटत नाही. मग संध्याकाळी पाचही वह्या ताडून एक मजकूर करायचा.

आमच्या धंद्याचं एक सांगते, पुढे लागणार आहे. डिक्टेशन घेताना आम्हाला अर्थ कळत नाही. कळू द्यायचाच नसतो. दादरच्या क्लासातले सर सांगत, "कान आणि हात यांच्यामध्ये डोकं आणू नका, डोकं आलं की हात मागे पडतो." ऐकू येईल तो आवाज रेघेत उतरवायचा. काय लिहिलं ते वाचून दाखवायची वेळ आली की कळतं. मी बारा वर्षांत कितीतरी लोकांच्या बढत्या आणि बडतर्फ्या अशाच टिपल्या, त्यांची नावं टंकताना मग माझी मला दिसली.

त्या दिवशी संध्याकाळी वही वाचताना मला दिसलं की टेबलावर एक प्रस्ताव आहे. पाच देशांचं एक छोटं कायम कार्यालय कोलंबोत उघडावं. दर सहा महिन्यांनी नुसतं भेटून चहा पिण्यापेक्षा एक जागा असावी, कागद एकत्र राहावेत. आमच्या साहेबांना ते मनापासून पटलेलं होतं. मला म्हणाले, "ऑफिस झालं तर आपल्याकडून इंग्रजीचा स्टेनो लागेल. तीन वर्षं. तुम्ही याल?"

मी म्हटलं, "घरी विचारावं लागेल." हे मी सवयीने बोलले. आत कुणीतरी केव्हाचं हो म्हणून बसलं होतं.

तिसरा दिवस

लंकेच्या बाजूची स्टेनो मिस परेरा, माझ्याच वयाची, फ्रॉक घालणारी, भराभर चालणारी. तिने दुपारी मला कार्यालयासाठी ठरवलेला बंगला दाखवायला नेलं. अंगणात चाफा. तिकडे तो देवळात वाहतात, म्हणून वेचायला सकाळी आजूबाजूच्या बायका येतात. खाली कचेरी होणार, वर बाहेरगावच्या नोकरांच्या खोल्या. "ही भारताची," ती म्हणाली आणि एक दार उघडलं.

खोली लहानच. खिडकी, टेबल, लोखंडी खाट. मी आत गेले, दार लोटलं आणि पाहिलं तर दाराला आतून पितळी कडी. मी ती लावली. मग काढली. पुन्हा लावली. बाहेरून परेरा विचारते, "काय झालं? अडकली का?" मी म्हटलं, "नाही गं, चालते का बघतेय."

हसू नका. छत्तीस वर्षांत मी आतून कडी लावून एकटी कधी बसले नव्हते. मालवणला घरभर माणसं, इथे पडदा. एकटी मी होतेच की, अगदी भरल्या घरात एकटी, पण एकटेपणाला जागा नव्हती. त्या खोलीत मी पाच मिनिटं खाटेवर बसले. मला रडू आलं आणि नळ शोधावा लागला नाही.

संध्याकाळी मसुदा समितीने प्रस्ताव मान्य केला. तो मजकूर मीच टंकला, 'कायम कार्यालय स्थापन करण्यात यावे.' साहेब खूश होते. म्हणाले, "आता झालंच म्हणा."

आणि मी मूर्खासारखं पत्र लिहिलं. बारा वर्षं सरकारी कागद हाताळलेली बाई मी! खालच्या कोपऱ्यात सही पडल्याशिवाय चिटोरंही टेबलावरून हलू देत नाही, त्यासाठी मोठमोठ्या अधिकाऱ्यांशी भांडले आहे. आणि स्वतःच्या बाबतीत त्याच संध्याकाळी विमानटपालाने घाटकोपरला लिहून मोकळी: 'नक्की झालं. तीन वर्षं इकडेच. सामान न्यायला येऊन जाईन. माझी खाट कुणाला हवी असेल तर देऊन टाका, पडदाही काढा. मला इथे आतून कडी असलेली खोली मिळाली आहे.' शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. पण लिहिलं खरं.

चौथा दिवस

पाकिस्तानच्या प्रमुखांच्या मागे बसणारा स्टेनो रशीद नावाचा, पिकल्या केसांचा गृहस्थ. वह्या ताडताना तो सगळ्यांशी इंग्रजीत बोले. त्या दिवशी आम्ही दोघंच मागे राहिलो, तर माझ्या पिशवीवरचं नाव-गाव वाचून हळूच म्हणाला, "घाटकोपर? अहो, मी कुर्ल्याचा."

अस्सल कुर्ल्याची मराठी! मी खुर्चीतून उठलेच. दादरचा क्लासही तोच निघाला, सरही तेच. त्यांच्या छडीची नक्कल केली त्याने. मग विचारलं, "आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिंच होती, मशिदीच्या पुढे. आहे काय हो?"

मला त्या गल्लीची काही माहिती नव्हती. मी म्हटलं, "आहे ना. चांगली वाढलीय."

"खोटं बोलताय," तो हसला, "पण बरं वाटलं."

मी त्याला माझ्या नोकरीचं सांगितलं, पत्राचंही. त्याने टाक खाली ठेवला. "बाई, सर काय सांगायचे? सही होईपर्यंत मसुदा म्हणजे कोरा कागद. आमच्या कराचीच्या नोकरीचाही असाच मसुदा होता. 'सहा महिन्यांसाठी' म्हणून गेलो." त्याने टाक पुन्हा उचलला आणि वही पुढे ओढली. बाहेर आल्यावर आम्ही दोन वेगळ्या दारांनी गेलो, कारण दोन देशांचे कारकून एकत्र दिसणं बरं नव्हे.

पाचवा दिवस

सकाळी दिल्लीहून तार आली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि खिशात घातली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी आपली पेन्सिली तासत होते.

बैठकीत साहेब उभे राहिले आणि बोलू लागले. मी टिपू लागले. कान, हात, रेघा. त्यांचं बोलणं त्या दिवशी फार संथ होतं, त्यामुळे हात अगदी छान चालला. इंडोनेशियाच्या प्रमुखांनी काही विचारलं, साहेबांनी उत्तर दिलं, ब्रह्मदेशच्या प्रमुखांनी मान हलवली. शेवटी एक परिच्छेद त्यांनी सांगून लिहवला आणि म्हणाले, "मिस, शेवटचा परिच्छेद सगळ्यांना वाचून दाखवा."

मी उभी राहिले, वही वर धरली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले: "सध्याची तात्पुरती व्यवस्था पुरेशी असल्याने कायम कार्यालयाची आवश्यकता नाही. त्याचा विचार योग्य वेळी करण्यात येईल."

'आवश्यकता नाही' हे शब्द माझ्याच तोंडातून बाहेर पडले, आणि तेव्हा मला कळलं. माझी खोली मीच मोडत होते. आवाज हलला नाही. बारा वर्षांची सवय, दुसरं काय!

ब्रह्मदेशचे प्रमुख म्हणाले, "पुन्हा एकदा." मी पुन्हा वाचलं. लंकेच्या प्रमुखांना 'योग्य वेळी' हे शब्द हवे की नको ते ठरेना, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. समोरून रशीद माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या वेळी त्याने नजर वहीत घातली.

मागाहून साहेबांनी मला बोलावलं. "दिल्लीचं म्हणणं असं," ते म्हणाले, "की आपण जगभर गटांच्या विरुद्ध बोलतो. आणि पाच जणांनी पाटी लावून ऑफिस थाटलं, की तोही एक गटच झाला. उद्या कोण विश्वास ठेवील आपल्यावर?" त्यांनी खिशातली तार काढून टेबलावर ठेवली. "माझं मत वेगळं होतं, तुम्हाला ठाऊक आहे."

आणि गंमत सांगू? मला दिल्लीचं म्हणणं पटलं. हीच तर पंचाईत झाली. चुकीचा निर्णय असता तर मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. कुणाच्याच कंपूत न बसणाऱ्या माणसाचं काय होतं ते मला चांगलं माहीत होतं, तरीही बरोबर ते बरोबर. मी म्हटलं, "हो साहेब," आणि टाइपरायटरवर जाऊन बसले. पाच देशांच्या प्रती, कार्बन घालून. एकही चूक झाली नाही. हेडक्लार्क म्हणाले होते तेच खरं.

परेरा माझा हात धरून म्हणाली, "योग्य वेळी म्हणालेत ना? येशील तू." तिचं वय माझ्याएवढंच होतं, तिलाही माहीत होतं योग्य वेळ म्हणजे काय ते. जाण्याच्या दिवशी तिने चाफ्याची पाच फुलं रुमालात बांधून दिली. विमानात जागा मिळेपर्यंत आणखी तीन दिवस गेले. साहेबांनी तेवढ्यात सगळ्यांना डोंगरातलं मोठं देऊळ दाखवून आणलं. देऊळ सुंदर आहे, जरूर बघावं. मला त्यातलं फारसं आठवत नाही, कारण सारा वेळ मी एकच हिशेब करत होते की पत्र आता कुठवर पोचलं असेल.

घाटकोपर

सांताक्रूझला कुणी आलं नव्हतं. तार करायचा धीर झाला नव्हता, तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं मी येणार ते. टॅक्सी केली. कुर्ल्याला आल्यावर टॅक्सीवाल्याला म्हटलं, जरा मशिदीच्या गल्लीवरून घे. तो कुरकुरला, पण नेलं. चिंच होती हो. खरंच चांगली वाढली होती, खाली एक म्हातारा विड्या विकत बसला होता. रशीदला कळवायला हवं होतं, पण पत्ता मी घेतला नव्हता आणि त्याने दिला नव्हता.

चाळीत शिरले तो जिन्यावरच जशोदाबेन. "अरे, इतक्या लवकर सामान न्यायला आली? तुझे पेढे खाल्ले आम्ही! भाऊने अख्ख्या चाळीला वाटले."

दार उघडंच होतं. पडदा नव्हता. माझ्या कोपऱ्यात खाटेच्या जागी शिवणाचं मशीन उभं होतं, नवं कोरं, चकचकीत. वहिनीला कितीतरी वर्षं हवं होतं, ठेवायला जागा नव्हती म्हणून राहिलं होतं. तिन्ही पुतण्यांचे फ्रॉक बेतून ठेवलेले. वहिनी मशीनवर वाकलेली होती. मला बघून उठली.

"इलंस गो?"

तिने माझं पत्र भिंतीवरच्या फळीवरून काढलं. हळद लागली होती त्याला. "तुझ्या दादान वाचून दाखवल्यान. सगळे खूश झाले. मी पण झालंय." मग तिचा आवाज उतरला. "पण ती शेवटची ओळ मी दुसऱ्यांदा वाचून घेतलंय. आमचां घर तुका इतक्यां जड झालां होतां? कधी बोलूक नायस तू?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भांडली असती तर मी भांडले असते. मी रुमाल सोडला. चाफ्याची फुलं काळी पडली होती. तरी तिने ती घेतली आणि देवापुढे ठेवली.

तेवढ्यात दादा आला. "अरे, सुमे! किती दिवस आहेस?" मग मशीनकडे बघून ओशाळला. "खाट भांडुपच्या मामांकडे दिली गं. तूच लिहिलं होतंस ना. परत कधी जायचंय?"

"दादा," मी म्हटलं, "त्या मसुद्यावर सही झाली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आले."

दादा टोपी हातात घेऊन फिरवत राहिला. पुतण्या दारातून बघत होत्या. बारा वर्षं मी त्या घरात राहिले, पगार आईच्या फोटोपुढे ठेवला, आजारपणं काढली, पण आता तोंडावर आलेला प्रश्न मला कधी विचारावा लागला नव्हता. माझा मलाच तो परक्या बाईचा वाटला.

"वहिनी, बॅग कुठे ठेवू?"

वहिनीने खोलीभर नजर फिरवली. मशीन, सतरंजी, पोरींची दप्तरं, पाण्याचा पिंप. तिने घाईघाईने पिंपाशेजारची चपला-जोड्यांची जागा हाताने झाडली, पदराने पुसली, आणि अगदी मायेने म्हणाली, "सध्या हय ठेव, बाय. तात्पुरती. मगे बघू या."

हे वाक्य मला पाठ होतं. मी बॅग ठेवली.